अठराव्या दिवशी उकिरड्यावर

काय रे, सगळ्या बटेरी तुला सारख्याच वाटल्या का? जपानी, बटन आणि बॉबव्हाइट, तिन्ही जातींची अंडी एकाच दिवशी मशीनला लावलीस. बटन १६ दिवसांत फुटली, जपानी १७ व्या दिवशी. उरलेली अंडी १८ व्या दिवशी नासकी म्हणून उकिरड्यावर टाकून मोकळा झालास! त्यातलं एक मी फोडलं. अजून कोमट होतं. आत पिल्लू होतं, अंगावर लव आलेलं, पाय हलवत. बॉबव्हाइटला २३ दिवस लागतात, २३!

वर तोंड करून सांगतोस, "सर, आतलं काही दिसलं नाही." जपानी बटेरीच्या ठिपकेदार कवचातून दिसत नाही, तिथं भलेभले फसतात, हे मान्य. पण बॉबव्हाइटचं अंडं पांढरं असतं. अंधारात टॉर्च लावला असतास तर कळलं असतं. रील बघायला तोच मोबाइल रात्रभर चालतो ना?

हिशोब साधा होता. बॉबव्हाइट आधी लावायची, सहा दिवसांनी जपानी, त्यानंतर एका दिवसाने बटन. सगळी एका वेळी फुटतात आणि शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणंही एकदमच थांबवता येतं. तू तर चौदाव्या दिवशी सरसकट फिरवणं बंद केलंस.

बटनची पिल्लं भुंग्याएवढी. दोन पाण्याच्या भांड्यात बुडून मेली. भांड्यात गोट्या टाक, हे किती वेळा सांगायचं? पिल्लं फुटत असताना झाकण उघडून फोटो काढलेस, ते वेगळंच. ओलावा उडाला की आतली पातळ त्वचा वाळते आणि पिल्लू अर्ध्यात अडकतं.

आणि आता विचारतोस, बांधावर लावरीचं घरटं सापडलंय, ती अंडी आणू का? खबरदार! १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपाखरांची अंडी उचलणं शिकारीतच धरतात. शिवाय लावरीला तुझी गरज नाही, ती आपली अंडी स्वतः उबवते. जपानी बटेरीची खुडूक बसायची सवय माणसाच्या पिंजऱ्यात मोडली, म्हणून तिच्यावर तुझ्यासारख्याच्या भरवशावर राहायची पाळी आली.

नवी अंडी आली आहेत. पेन्सिल घे. प्रत्येकावर जात आणि तारीख लिही. आत्ता, माझ्यासमोर.