फीत आणि हिरवे पान

वस्त्र माणसाची लाज राखते. पण ते जीवही घेऊ शकते. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या इंग्लंडमधील दोन हकिकती या बाबतीत विचार करण्याजोग्या आहेत.

१८९६ च्या मार्चमध्ये रेडिंग येथे थेम्स नदीतून एका तान्ह्या मुलीचे प्रेत निघाले. गळ्याभोवती पांढरी फीत आवळलेली होती. शिवणकामात कपड्याच्या कडेला लावतात तसली. पैसे घेऊन परक्यांची मुले सांभाळायला नेणाऱ्या अमेलिया डायरचे ते कृत्य. १० जूनला ती फासावर गेली.

दुसरी हकिकत १८६१ सालची. लंडनमध्ये मटिल्डा शॉयरर ही १९ वर्षांची मुलगी तडफडून मेली. श्रीमंत स्त्रिया केसांत माळीत त्या कृत्रिम पानांना हिरवी पूड लावण्याचे काम ती करी. त्या पुडीत सोमल होता. या मृत्यूबद्दल कोणीही फासावर गेले नाही.

फितीमागे एक हात होता, तो सापडला. पानांमागे कारखानदार, दुकानदार, गिऱ्हाईक असे अनेक हात होते. पण पाप वाटून घेतले म्हणून ते कमी होते काय? मटिल्डाचा जीव तर पुरता गेला!

नकळत ज्यांनी पाने माळली, त्यांना मी दोष देणार नाही. परंतु १८६२ मध्ये हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने 'टाइम्स'मधून हे विष उघड केले. तरीही हिरव्या रंगाची हौस लगेच सरली नाही. ज्यांनी ते वाचले आणि तरीही आरशापुढे उभे राहून ती पाने माळली, त्यांना निर्दोष म्हणायला माझे मन धजत नाही.