कपाटात नसलेला मावळा

खेळण्यातला सैनिक कुठल्या देशाचा, हे त्याच्या गणवेशावरून कळत नाही. त्याला उलटा करून बघावं लागतं. लाल डगला आणि अस्वलाच्या कातड्याची उंच काळी टोपी घातलेला लंडनचा राजपहारेकरी घ्या. बैठकीखाली ‘हेराल्ड’ हे नाव आणि इंग्लंडचा ठसा असेल, तर तो साधारण १९६६ च्या आधीचा. तोच चेहरा, तीच बंदूक, पण खाली हाँगकाँग लिहिलेलं असेल, तर नंतरचा. ब्रिटन्स या जुन्या इंग्रजी कंपनीने त्या सुमारास हे काम स्वस्त मजुरीच्या हाँगकाँगला हलवलं होतं. आणि खाली काहीच नसेल, तर तो बहुधा नकलेची नक्कल. कुणाचा तरी तयार सैनिक घेऊन त्यावरून साचा करायचा, त्या साच्यातून निघालेल्या सैनिकावरून पुढचा कारखानदार आपला साचा करणार. प्लॅस्टिक थंड होताना आक्रसतं, त्यामुळे दर पिढीला सैनिक थोडा बुटका होतो, नाक सपाट होतं, बोटं एकमेकांत मिसळतात. सोलापुरात नवी पेठेत किंवा जानेवारीत होम मैदानावर भरणाऱ्या गड्डा यात्रेत पिशवीतून विकले जाणारे हिरवे सोल्जर अशाच लांबच्या पिढीतले. डोक्यावरचं शिरस्त्राण दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकाचं, एवढं मात्र ओळखू येतं. अमेरिकेत प्लॅस्टिकचे सैनिक १९३८ मध्येच निघाले होते, आणि त्या हिरव्या जातीला २०१४ मध्ये तिथल्या खेळण्यांच्या राष्ट्रीय दालनात मानाची जागाही मिळाली. आपल्याकडच्या पिशवीतल्या पणतवंडांना त्याचा पत्ता नाही.

तरीही जुने सैनिक जमवणाऱ्या कुणाचंही कपाट उघडा, मांडणी देशवार असते. एका फळीवर इंग्लंड, दुसऱ्यावर अमेरिका, खाली फ्रान्सचे स्टारलक्स, जर्मनीचे एलास्टोलिन. ही सवय पोस्टाच्या तिकिटांच्या वहीतून आली असावी. तिकिटाला ती शोभते, कारण तिकीट सरकार काढतं. बाहुल्यांनाही शोभते. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभारलेल्या आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयात देशोदेशीच्या बाहुल्या आपापल्या पोशाखात उभ्या आहेत. जपानी बाहुली जपानी वेशात असते आणि जपानची म्हणून दिसते. नेहरूंच्या काळातली, जग एका छपराखाली नांदवण्याची ती हौस मला अजूनही आवडते. सैनिकाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो. गणवेश एका देशाचा, साचा दुसऱ्याचा, रंग देणारे हात तिसऱ्याचे आणि त्याला लढवणारा पोरगा सोलापूरचा.

हा घोळ प्लॅस्टिकच्याही आधीचा आहे. विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतायची रीत काढली. आत पोकळी राहिल्याने शिसं कमी लागे, वजन घटे, किंमतही उतरे, आणि भरीव जर्मन सैनिक त्यापुढे महाग पडू लागले. त्याच दशकात ब्रिटन्स कंपनीच्या यादीत ‘फर्स्ट बॉम्बे लान्सर्स’ हा संच आला : घोड्यावर बसलेले, फेटा बांधलेले, भालाधारी सवार. पुढे ही पलटण दुसरीत मिसळून तेरावी लान्सर्स झाली आणि १९४७ च्या वाटणीत पाकिस्तानकडे गेली. आता हा सवार कुठल्या फळीवर ठेवायचा? लंडनमध्ये ओतलेला, मुंबई इलाख्याच्या नावाचा, ज्याची पलटण आज पाकिस्तानी फौजेत आहे. संग्राहक त्याला मुकाट्याने ‘इंग्लंड’मध्ये ढकलतात. माझं म्हणणं असं, की फळ्या साच्यावरून लावाव्यात : एक साचा कुठे निघाला, कुठे विकला गेला, कुणी चोरला, शेवटी कुठे झिजला. ही मांडणी दिसायला गबाळी होईल, पण व्यापार, मजुरी आणि साम्राज्य हे सगळं तिच्यात सापडेल. देशवार मांडणीत फक्त टोप्या सापडतात.

शिशाच्या काळात साम्राज्याच्या मिरवणुकीत हिंदी सवारांना मानाची जागा होती, कारण त्यांच्यामुळे मिरवणूक रंगीत दिसे. प्लॅस्टिकचा काळ आला तोवर साम्राज्य संपलं होतं, आणि आपणही त्या डब्यांमधून जवळजवळ नाहीसे झालो. एअरफिक्स या इंग्रजी कंपनीने १९५९ पासून पेरभर उंचीचे, न रंगवलेले सैनिक छोट्या डबीत भरून विकायला सुरुवात केली. त्यात पुढे ‘आठवी फौज’ही आली. या आठव्या फौजेत उत्तर आफ्रिकेत हिंदी डिव्हिजन होत्या, पुढे इटलीतही होत्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि तिथेच पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीतून जखमी साथीदारांना एकेक करून उचलून आणलं आणि पुन्हा शत्रूच्या मशिनगनच्या मोर्चांवर चाल केली. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. एअरफिक्सच्या डबीत मराठा पलटण ओळखू यावी असं काही शोधून सापडत नाही. गुरख्यांचा वेगळा संच निघाला, कारण खुकरी दुरूनही ओळखू येते आणि इंग्रजांच्या फौजेत गुरखे १९४७ नंतरही राहिले.

पण इथे एक गंमत आहे. घाडगे आणि जाधव लढताना ब्रिटिश धाटणीचाच पोशाख करत होते. म्हणजे त्या डबीतल्या सैनिकाचा चेहरा तपकिरी रंगवला, की तो मराठा लाइट इन्फन्ट्रीचा होतो, साच्यात काहीही न बदलता. ब्रश हातात असलेल्या कुठल्याही मराठी मुलाला हे करता आलं असतं. कुणी केलं असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आपल्याला सैनिक म्हटलं की एक तर शिवकाळ आठवतो किंवा कारगिल; मधल्या दीडशे वर्षांत आपली माणसं कुणाच्या गणवेशात लढली हे आठवायला अवघड जातं. सोलापूरकराला तर विशेषच. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. रस्त्यावर फौज उभी राहिली. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्यांच्या स्मृतिदिनाच्याच सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेला सुरुवात होते आणि गड्ड्यात पाळणे, भांडी नि बंदुका घेतलेले हिरवे सोल्जर एकत्र विकायला येतात. विक्रेत्याला यात काही विसंगत वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही. मला वाटतं, आणि तरी मी ती पिशवी उचलतोच.

मराठी मुलाकडे सैनिक नव्हते असं मुळीच नाही. दिवाळीच्या सुटीत दगड, विटा, जुनं गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला करायचा, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवायची आणि वर मावळे मांडायचे, ही पद्धत घराघरांत आहे. मावळे मातीचे किंवा प्लास्टरचे, साच्यात घडवून वर हाताने रंग दिलेले. भालदार, तुतारीवाला, ढाल-तलवारवाला, तोफेपाशी बसलेला गोलंदाज. यांत प्रमाणाची कुणाला पर्वा नसते. सिंहासनावरचे महाराज तटबंदीपेक्षा उंच, हत्ती घोड्याएवढा, आणि गुहेत बसवलेला वाघ मावळ्याला एका घासात गिळेल असा. युरोपातल्या संग्राहकांचं सारं शास्त्र चोपन्न मिलिमीटरवर उभं आहे. ब्रिटन्सने हे माप त्या काळच्या खेळण्यातल्या आगगाडीला जुळावं म्हणून धरलं आणि पुढे ते जगाचं माप झालं. किल्ल्यावर उंची ठरते ती मानाने. मला तर हे माप अधिक प्रामाणिक वाटतं, कारण आगगाडीशी जुळण्यासाठी राजा बुटका करावा लागत नाही.

शिवाय किल्ल्यावर सैनिक एकटे नसतात. पायथ्याशी गवळण, जात्यावर बसलेली बाई, नांगर धरलेला शेतकरी, विहीर, देऊळ, आरशाच्या तुकड्याचं तळं. गेल्या काही दशकांत त्यात प्लॅस्टिकची भर पडली : चीनहून आलेला डायनासोर, एखादी मोटार आणि तेच हिरवे सोल्जर. लोक त्यावर हसतात किंवा नाकं मुरडतात. मला मात्र वाटतं, की त्या नाक झिजलेल्या अमेरिकन शिपायाला जगात कुठे खरी बढती मिळाली असेल तर ती इथे. मूळ साच्यात तो हातबाँब फेकायला किंवा सरपटायला बनवलेला. किल्ल्यावर मुलं त्याला बुरुजाआड बसवतात आणि तो महाराजांच्या पहाऱ्यावर रुजू होतो.

यावर आक्षेप ठरलेला असतो : सैनिकांची खेळणी म्हणजे मुलांना युद्धाची गोडी लावणं. आक्षेपात तथ्य आहे, पण खेळ खेळला जातो कसा, हे आधी पाहिलं पाहिजे. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोटं पुस्तक लिहून खेळण्यातल्या लढाईचे नियम घातले. त्यात ब्रिटन्सची स्प्रिंगची तोफ खरोखर गोळा मारते आणि समोरचे सैनिक पडतात. खेळ पाडण्याचा आहे. वेल्सचा दावा होता, की ज्यांना युद्ध हवं त्यांनी जमिनीवर असं खेळून हौस भागवावी. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. ते संपल्यावर इंग्लंडमध्ये सैनिकांची मागणी इतकी मंदावली, की ब्रिटन्सने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतावरच्या आकृत्या काढल्या : गायी, कोंबड्या, शेतकरी, दूधवाली. त्या जोरात खपल्या. म्हणजे त्यांना जी गवळण महायुद्धाने सुचवली, ती आपल्या किल्ल्याच्या पायथ्याशी सहजच बसलेली असते. आपल्या किल्ल्यात कुणी कुणाला पाडत नाही. शत्रूपक्ष मांडलाच जात नाही. पहारा असतो, दरबार असतो, बाजार असतो. मूल चार दिवस पाणी शिंपडतं, आल्यागेल्याला दाखवतं, आणि दिवाळी सरली की मोडून टाकतं. यातून युद्धखोरी शिकवली जाते असं म्हणणाऱ्याने एकदा किल्ला करून बघावा; चिखल कालवण्यातच सगळा जोर संपतो.

मोडून टाकतं, इथेच संग्राहकाची अडचण आहे. संग्रह टिकणाऱ्या वस्तूंचा होतो. मातीचा मावळा एका अवकाळी सरीत विरघळतो, प्लास्टरचा पोत्यातून काढताना मान गमावतो. नवी पेठ, मधला मारुती या भागांत दर दिवाळीला मावळे विकत घेतले गेले असतील. तीस वर्षांपूर्वीचा, रंग शाबूत असलेला एक मावळा शोधा म्हटलं तर मिळणार नाही. हाँगकाँगचा राजपहारेकरी मात्र मिळतो, जुन्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात. त्यामुळे आपल्या कपाटात इंग्रज, अमेरिकन, फ्रेंच सगळे जमतात, मराठी एकही नसतो, आणि पन्नास वर्षांनी ते कपाट बघणाऱ्याला वाटेल, की इथल्या मुलांना आपलं असं काही नव्हतंच.

प्लॅस्टिक तरी अमर कुठे आहे? मऊ पॉलिथिनवर रंग नीट धरत नाही; बोटाने वाकवलं की खपल्या निघतात. जुन्या छोट्या सैनिकांचं प्लॅस्टिक कधी कधी इतकं ठिसूळ होतं, की संगीन हातात येते आणि सैनिक फळीवरच राहतो. पीव्हीसीतला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू बाहेर झिरपतो आणि अंग चिकट होतं. आणि सोलापूरचा एप्रिल-मे! पारा चाळिशीच्या वर, पत्र्याच्या खोलीत आणखी. भाले लवतात, बंदुका खाली मान घालतात. जाणकार सैनिकाला गरम पाण्यात बुडवून, बोटाने सरळ करून, लगेच गार पाण्यात धरतात. ठिसूळ झालेल्यावर मात्र हा उपाय नाही. लंडनच्या दमट हवेसाठी लिहिलेले जपणुकीचे सल्ले इथे फारसे कामाला येत नाहीत. इथे खरा शत्रू दुपार आहे.

आता बाजारच बदलतो आहे. परदेशी खेळण्यांवरची आयातकर पट्टी २०२० मध्ये वीसवरून साठ टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये सत्तरवर गेली. २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. देशी कारखानदाराला यामुळे जागा मिळाली आणि प्लॅस्टिक, फायबर, राळेचे मावळे संचात, पेटीत, नावानिशी विकायला आले. ते टिकतील. पावसात विरघळणार नाहीत, पुढच्या दिवाळीला पुन्हा बाहेर येतील, आणि एक दिवस कुणीतरी त्यांची ‘पेटीसकट, न वापरलेली’ अशी जाहिरातही देईल. मला त्यात एकच खटकतं : पगडीची घडी, मिशीचा पीळ, तलवारीची मूठ हे सगळं चित्रपट आणि मालिकांमधून उचललेलं वाटतं, आणि सगळ्या मावळ्यांचा चेहरा एकाच नायकाकडे झुकतो. मातीच्या मावळ्याला नाक डोळे देणाऱ्या कारागिराने कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवला होता ते आपल्याला कळायला मार्ग नाही, पण दर मावळ्याच्या भुवया वेगळ्या असत. कारण दिवसभरात शेकडो भुवया काढताना त्याचा हात थकत होता.