बुजलेली रेघ

नकार देणे हे मान्यता देण्यापेक्षा निर्धोक, अशी समजूत सरकारी कचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे. त्यासाठी दृष्टांत घेतला आहे तो स्क्रीन छपाईच्या कारखान्यातला. दिल्लीस बदली झालेल्यांनी चावडी बाजारातल्या लग्नपत्रिका पाहिल्या असतीलच. तसल्या कित्येक पत्रिका या रीतीने छापतात.

चौकटीवर ताणलेली बारीक जाळी हा या छपाईचा पाया. जाळीचा तेलकटपणा धुऊन काढतात, पिवळ्या उजेडाच्या खोलीत तिच्यावर इमल्शनचा पातळ थर देतात आणि तो अंधारात वाळवितात. मग काळ्या मजकुराची पारदर्शक फिल्म थरास चिकटवून वर काच दाबायची आणि अतिनील किरणांचा दिवा लावायचा. प्रकाश पोहोचतो तेथे थर घट्ट होतो. अक्षरांच्या सावलीत तो कच्चा राहतो व पाण्याच्या धारेखाली वाहून जातो. शाई उतरते ती या मोकळ्या जागेतून. टॅल्बटने १८५२ साली डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनच्या याच गुणावर पेटंट घेतले होते. डायक्रोमेटने कारागिरांच्या हातांना जखमा होत. आता बहुधा डायझोचे इमल्शन वापरतात, हे बरेच झाले.

खरी कसोटी असते ती प्रकाश किती वेळ द्यावा याची. कमी पडला तर घट्ट व्हावयाचा भागही मोरीत जातो, आणि चूक तेथल्या तेथे कळते. जास्त झाला तर मात्र पडदा वरवर पाहता उत्तम दिसतो. जाळीचे पांढरे धागे प्रकाशाला आडवे पसरवितात, तो सावलीच्या कडेखाली शिरतो. ठळक अक्षरे शाबूत राहतात. बुजते ती केसाएवढी रेघ, अनुस्वाराचा ठिपका. म्हणून जाणते कारागीर पिवळी रंगविलेली जाळी घेतात, मग तिला प्रकाश अधिक वेळ द्यावा लागला तरी चालेल.

नियमाच्या कडकपणाचेही असेच आहे. ज्याचे कागद चोख आणि ओळखी भक्कम, त्याचा अर्ज कितीही कडक अधिकाऱ्याकडून पार पडतो. अडतो तो बारीक रेघेचा माणूस. परप्रांतात तर ही अडचण दुणावते. एका कागदावर बॅनर्जी आणि दुसऱ्यावर वंद्योपाध्याय असे लिहिलेली विधवा एकच आहे, हे बंगाल्यास सांगावे लागत नाही. आपल्याकडून गेलेल्या अधिकाऱ्यास ती नावे दोन वाटतात, आणि तफावतीचा शेरा मारण्यात त्याला काहीच गैर दिसत नाही.

धुळीच्या कणामुळे पडद्यावर नको तेथे छिद्र राहिले, तर इमल्शनचा एक थेंब लावून ते बंद करता येते. बुजलेली रेघ सुईने उकरू गेल्यास जाळीच फाटते. सगळा थर उतरवून पडदा नव्याने करावा लागतो. कचेरीत आपण याच्या उलट धरून चालतो. चुकीने दिलेल्या पैशावर लेखापरीक्षक आक्षेप घेतो. चुकीने नाकारलेल्या निवृत्तिवेतनावर आक्षेप घेतल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे माहिती नाकारताना कारण लिहून द्यावे लागते, ही सुधारणा मोठी खरी, पण ती माहितीपुरती.

यावर कोणी म्हणेल, छिद्र लक्षात न आले तर हजार कागद खराब होतात, आणि सार्वजनिक पैसा एकदा गेला की परत येणे कठीण. हे आम्हांस मान्य आहे. परंतु खराब झालेला कागद निदान कोणाच्या तरी हातात पडतो व बोभाटा होतो. तफावतीचा शेरा वाचून परत गेलेली बाई बहुधा पुन्हा येतच नाही, आणि फाइल बंद झाल्याची नोंद तेवढी निर्दोष राहते.

नवे इमल्शन आले की छपाईवाला एकाच पडद्याचे पट्टे पाडून प्रत्येकाला निरनिराळा वेळ प्रकाश देतो आणि पडदा धुऊन उजेडासमोर धरतो. मथळ्याकडे तो सावकाश पाहतो. आधी पाहतो ती सर्वांत बारीक रेघ कोणत्या पट्ट्यात उघडी राहिली आहे ते.