खेळण्यावरची काजळी

मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाचा प्लास्टिकचा रणगाडा जोडून रंगविला की नवशिक्याला तो फार कोरा दिसू लागतो. मग स्पंजाने टिपके देऊन रंग उडाल्याचा भास, पातळ तपकिरी रंगाचे ओघळ, गंज, चिखल, सारेच त्यावर येते. ही लबाडी नव्हे काय, असे कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. खुणेला कारण मात्र हवे. सैनिकांचे बूट घासतात त्या झाकणाच्या कडेचा रंग उडतो, चिखल चाकांपाशी साचतो. हे न पाहता सर्वत्र गंज फासला की रणगाडा अडगळीतला वाटतो. (दिवाळीच्या किल्ल्यावरील मातीच्या मावळ्यांना ही यातायात नाही.)

खरी अडचण काजळीची. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्सचे २१ वर्षांचे अधिकारी अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, पेटलेला रणगाडा सोडण्याचा हुकूम न मानता लढले आणि त्यातच मरण पावले. त्या ‘फामागुस्ता’ची प्रतिकृती करणाऱ्याने काजळी फासावी काय? शोभेसाठी फासली तर दुसऱ्याच्या मरणाचा अलंकार होतो. वगळली तर घडलेलेच पुसले जाते. माझ्या मते फासावी. मात्र हा डाग कसला, असे घरातल्या मुलाने विचारल्यास त्या दिवसाची हकिगत सांगता येईल, इतके वाचून मगच.