त्वचेचा धर्म

मोकळ्या हवेत जाणे आणि अंगावर ऊन घेणे प्रकृतीस हितकर आहे, हे आज कोणी नाकारीत नाही. वैद्य तेच सांगतात, डॉक्टर तेच सांगतात, आणि घरोघरची आजी तर कोणत्याही शास्त्राची वाट न पाहता तान्ह्या मुलाला तेल चोळून कोवळ्या उन्हात निजवीत आली आहे. ज्या गोष्टीविषयी असे एकमत आहे तिच्यावर आणखी निबंध कशाला, असे वाचक विचारतील. त्यावर आमचे उत्तर असे की, मते सर्वांची एक आणि आचरण मात्र त्याच्या उलट, असे जेथे दिसते, तेथे प्रश्न ज्ञानाचा उरत नाही. तो नीतीचा होतो. आम्हांस येथे आरोग्याचे नियम सांगावयाचे नाहीत. ऊन आणि वारा फुकट मिळत असता एकाच घरातील माणसांच्या वाट्याला ती कमी-अधिक का येतात, आणि ही वाटणी करतो कोण, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे, याची साक्ष आपल्या नाशिक शहरानेच दिलेली आहे. १९२१-२२ च्या सुमारास हचिसन नावाच्या डॉक्टरांनी पटेल व शहा या सहकाऱ्यांबरोबर मुडदूस आणि अस्थिमार्दव या विकारांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. वाढत्या मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकतात तो मुडदूस; तोच विकार मोठेपणी, विशेषतः मुले होण्याच्या वयातील स्त्रियांना जडतो, ते अस्थिमार्दव. मुडदूस हा दारिद्र्याचा आणि निकृष्ट अन्नाचा रोग, अशी त्या काळी विलायतेत पुष्कळांची समजूत होती. नाशिकास चित्र उलटे निघाले. ज्या घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, परंतु बायकामुलांना उंबरठ्याबाहेर पडण्याची मोकळीकही नव्हती, अशा सुखवस्तू कुटुंबांत, पडदा पाळणाऱ्या मुसलमानांत तसेच वरच्या वर्गातील हिंदूंत, हा विकार आढळला. आणि अपुऱ्या अन्नावर दिवसभर उघड्यावर राबणारी गरीब माणसे त्यातून सुटलेली दिसली.

या हकीकतीचा जितका विचार करावा तितकी ती मनास बोचते. संपत्तीने ताटात अन्न वाढले आणि अब्रूने अंगावरचे ऊन काढून घेतले. त्या घरांतील कर्ते पुरुष काही क्रूर नव्हते. जे मोलाचे ते आत ठेवावे, हा त्यांचा विचार. आणि मुलीबाळी त्यांना मोलाच्या वाटत होत्या म्हणूनच त्या आत राहिल्या. दागिना पेटीत ठेवल्याने झिजत नाही. माणूस मात्र झिजतो, हा भेद त्यांच्या ध्यानात आला नाही. मायेपोटी घातलेल्या कुंपणाने माणसाची हाडे वाकली, तर ती माया निर्दोष म्हणावी काय?

ऊन नसले म्हणजे हाडे का वाकावीत, याचा उलगडाही त्याच सुमारास होऊ लागला होता. बर्लिन येथे हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली मुडदुसाच्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्यातील जंबुपार, म्हणजे अतिनील, किरण सोडून ती बरी केली. प्रकाश एका हातावर टाकला तरी सुधारणा दुसऱ्या हाताच्या हाडांतही दिसे. त्यावरून किरणांच्या योगे काही द्रव्य तयार होऊन ते सर्व शरीरात हिंडत असावे, असा तर्क करता आला. १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये हेस व उंगर यांनी दिव्याचेही साहाय्य न घेता नुसत्या उन्हाने तोच गुण येतो हे दाखविले. पुढे या द्रव्याची ओळख पटली. त्यालाच आपण जीवनसत्त्व ‘ड’ म्हणतो. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचे एक द्रव्य असते. जंबुपार किरणांनी ते पालटते, शरीराच्या उष्णतेने त्याचे जीवनसत्त्व बनते, यकृत आणि मूत्रपिंडे त्यास अखेरचे रूप देतात, आणि मग अन्नातील चुना आतड्यांतून रक्तात व रक्तातून हाडांत पोहोचतो. या कारखान्यातील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, गरजेपेक्षा अधिक माल तयार होऊ लागला म्हणजे तेच ऊन त्याचे निरुपद्रवी द्रव्यांत विघटन करते. म्हणून उन्हाने या सत्त्वाचा अतिरेक होत नाही, गोळ्यांनी मात्र होऊ शकतो. दुसरी अशी की, सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य किरण अडविते, यास्तव तेवढ्याच कामासाठी तिला गोऱ्या त्वचेहून अधिक वेळ ऊन लागते. म्हणजे ज्यांस ऊन अधिक पाहिजे, तेच आपण लोक रंग आणखी काळवंडेल या भीतीने त्याच्यापासून पळतो!

येथे आपल्या जुन्या दर्शनकारांची एक विभागणी आम्हांस फार मार्मिक वाटते. सांख्यांनी त्वचेची गणना ज्ञानेंद्रियांत केली आणि तिचा विषय स्पर्श हा ठरविला. रूप हा विषय डोळ्याचा. या हिशेबाने त्वचा ही जाणणारी, जगाशी व्यवहार करणारी आहे. आम्ही मात्र व्यवहारात ती जाणणारी न ठेवता नुसती दिसणारी करून टाकली. मुलीची त्वचा ही मुलीची न राहता पाहणाऱ्यांच्या डोळ्यांचा विषय झाली. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही असे घर विरळा. आणि ते मुलापेक्षा मुलीलाच अधिक वेळा ऐकावे लागते, याचे कारण शास्त्रात नसून लग्नाच्या बाजारात आहे. गोरेपणाचे आश्वासन नावातच बाळगणारे एक मलम या देशात १९७५ साली विक्रीस आले. वर्णभेदाविरुद्ध जगभर आवाज उठला तेव्हा, २०२० साली, त्याच्या नावातून गोरेपणाचा शब्द गाळण्यात आला. बाटलीवरचे अक्षर बदलणे सोपे असते. वधू पाहावयास गेलेल्या मंडळींची नजर बदलण्यास त्याहून अधिक काळ लागतो.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. ऊन हे केवळ अमृत नव्हे. त्याने त्वचा भाजते, अकाली सुरकुतते, वांग गडद होतात. आणि सूर्यकिरणांचा समावेश कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच केलेला आहे. गोऱ्या त्वचेच्या लोकांस हा धोका अधिक, सावळ्यांस कमी. पण कोणास अजिबात नाही असे नाही. तेव्हा ‘ऊन त्वचेला चांगले’ हे वाक्य जसेच्या तसे खरे मानता येत नाही. अधिक खरे असे की, त्वचा उन्हात काही सोसते आणि त्या सोसण्यातून सर्व शरीराचे काम करते. घरातील कर्त्या माणसाच्या हातांस घट्टे पडतात म्हणून कोणी त्याला काम सोडावयास सांगत नाही. मात्र हात सोलून निघेपर्यंत राबविणाराही शहाणा म्हणवत नाही. प्रमाण हाच येथे विवेक आहे. कोवळ्या उन्हात वर सांगितलेले किरण फार थोडे असतात, आणि काचेच्या बंद खिडकीआड ते जवळजवळ पोहोचतच नाहीत. उन्हात आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली म्हणजे ते जोरात आहेत असे समजावे. अशा वेळी थोडका काळ पुरे. त्यापुढे टोपी, छत्री, झाड यांचा आश्रय करावा. उन्हाला भिऊन दार लावणे आणि उन्हात करपून जाणे, या दोहोंच्या मध्ये पुष्कळ मोकळी जागा आहे.

दुसरा आक्षेप याहून चतुर आहे. जीवनसत्त्व जर गोळीत मिळते, तर बाहेर जाण्याची यातायात हवी कशाला? ज्यास उणीव आहे त्याने वैद्याच्या सल्ल्याने गोळी अवश्य घ्यावी. तीत कमीपणा नाही. पण बाहेरचे जग म्हणजे एका सत्त्वाची पुडी, असे समजणे हीच मोठी चूक आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरात बारा प्राथमिक शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. सहा शाळांत रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास मुलांना उघड्यावर ठेवण्यात आले. तीन वर्षांनी पाहता, नेहमीप्रमाणे चाललेल्या शाळांत शेकडा ३९.५ मुलांना नव्याने ऱ्हस्वदृष्टी जडली होती. उघड्यावर जाणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ३०.४ होते. डोळ्यास लाभ झाला तो औषधाने नव्हे, बाहेर असण्याने. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतील दिव्यांच्या कितीतरी पट असतो, आणि सकाळी तो डोळ्यांत गेला म्हणजे शरीराचे घड्याळ जुळून रात्रीची झोप वेळेवर येते. मनाची गोष्टही अशीच. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची टिपणे तपासून उलरिच यांनी १९८४ साली दाखविले की, ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. नुसत्या दर्शनाची ही किमया असेल, तर त्या झाडाखाली जाऊन बसण्याचे मोल कोणी कोणत्या गोळीत भरावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नाशिकच्या त्या वाड्यांचा पडदा आज बव्हंशी फिटला आहे. कोंडी मात्र अगदीच फिटली असे आम्हांस वाटत नाही. तिने नवी कारणे शोधली आहेत. परीक्षेच्या वर्षात असलेल्या मुलाचे खेळणे आईबाप बंद करतात, शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून टेबलाशी त्याची रवानगी होते. हेतू त्याच्या कल्याणाचाच. चौथ्या मजल्यावरील वृद्ध सासऱ्यांना ‘पडाल, बरे नव्हे’ म्हणून खाली उतरू दिले जात नाही, हेतू काळजीचाच. घरातील सून पहाटेपासून ओट्याशी उभी असते, आणि तिला कोणी मनाई केलेली नसली तरी तिच्या दिवसात बाहेरचा एक तास कोणी शिल्लक ठेवलेला नसतो. मनाई करणे आणि सवड न ठेवणे, यांचे फळ शरीराला सारखेच मिळते. ज्याच्या हाती दुसऱ्याच्या वेळेची व्यवस्था आहे, त्याच्याकडे त्या दुसऱ्याच्या उन्हावाऱ्याचीही जबाबदारी येते, हे आम्ही ज्या दिवशी मानू, त्या दिवशी ऊन ही चैन न राहता घरातील न्यायाची बाब होईल. ज्या गृहस्थाचे सकाळचे फिरणे कधी चुकत नाही, त्याने परत आल्यावर एवढेच पाहावे की, आपल्या फिरण्याच्या वेळी चुलीशी कोण होते.

हाच न्याय घराबाहेर नेला, तर तो उलट्या बाजूने लागू पडतो. रस्त्यावर डांबर पसरणारी, विटा वाहणारी, शेतात खुरपणारी माणसे उन्हाला मुकलेली नाहीत. त्यांच्या वाट्याला ते नको इतके आले आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेस आलेल्या उष्म्याच्या लाटेत नेहमीपेक्षा हजाराहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्म्यापासून बचावाची योजना आखली. अशा माणसांस ‘उन्हात बसा, प्रकृती सुधारेल’ असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. त्यांचा हक्क सावलीचा आहे, पाण्याचा आहे, दुपारच्या विसाव्याचा आहे. एकाची त्वचा फक्त पाहण्याची म्हणून झाकून ठेवावी आणि दुसऱ्याची कोणी पाहतच नाही म्हणून जळू द्यावी, ही दोन्ही एकाच अन्यायाची रूपे आहेत. दोन्हीकडे त्वचेच्या आतील माणसाचा विसर पडलेला असतो.

आरोग्य हे ज्याचे त्याने सांभाळावे, असे म्हणण्याची रीत आहे. ते ज्याच्या पायांत बेडी नाही त्याच्यापुरते खरे आहे. अन्नाची वाटणी करताना पंक्तिप्रपंच करू नये, हा धडा आपण लहानपणीच शिकतो. ताट वाढणारी गृहिणी कोणाच्या पानात काय पडले हे डोळ्यात तेल घालून पाहते. ऊन, वारा आणि मोकळा वेळ ही पाने वाढताना दिसत नाहीत, म्हणून तेथील पंक्तिप्रपंच कोणाच्या लक्षात येत नाही. तो लक्षात आणून देण्यास हाडे वाकण्याची वाट पाहू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.