कुंपण आणि सदसद्विवेकबुद्धी

घराभोवती कुंपण घालणे हा नीतिशास्त्राचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. चोरी, खोटी साक्ष, वैर ही पापे आपण ओळखतो. परंतु परवानगीवाचून बांधलेली आवारभिंत किंवा शेजाऱ्याच्या बाजूला हातभर सरकवलेला खांब यांचा उच्चार पापनिवेदनात क्वचितच होत असेल. 'जमीन माझी, पैसा माझा. मग परवानगी कोणाची मागायची?' हा प्रश्न भल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येतो. तो उद्धटपणाचा नाही, पण त्याचे उत्तर वाटते तितके सोपेही नाही.

प्रथम नियम काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये जमिनीवरील विकासकामास नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात आवारभिंतीचाही विचार आहे. साधारणपणे भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटरपर्यंत असावी. वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा जाळीचा ठेवला, तर २.४ मीटरपर्यंत जाता येते. कोपऱ्यावरच्या भूखंडाला वळणाच्या दोन्ही बाजूंस दहा मीटरपर्यंत भिंत ०.७५ मीटरच ठेवावी लागते.

हे आकडे कोरडे वाटतात. पण कोपऱ्यावरची भिंत ठेंगणी का? वळणावरून सायकलने शाळेला जाणारे मूल समोरून येणाऱ्या वाहनाला दिसावे म्हणून. त्या मुलाला आपल्या घराचा नकाशा मंजूर करण्याचा अधिकार नाही, कार्यालयात त्याचा अर्जही नाही. तेथे त्याच्या वतीने नियमच बोलतो. जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येऊ नये, हे तिचे कारण. म्हणजे बांधकामाचा नियम हा ईश्वरी करारात शोभणारा विषय आहे, असे पवित्र शास्त्रच मानते.

असे नियम अंतःकरणाला बांधतात का, याविषयी ख्रिस्तसभेच्या नीतिपंडितांत जुना वाद आहे. काहींनी 'केवळ दंडात्मक कायदा' अशी कल्पना मांडली. तिच्यानुसार काही कायदे मोडल्यास पाप घडत नाही, पकडले गेल्यास दंड भरला की कर्तव्य संपले. येशूसंघीय फ्रान्सिस्को सुआरेझ यांनी १६१२ सालच्या आपल्या कायद्यावरील ग्रंथात या कल्पनेला आधार दिला. तिच्यामागे दयाबुद्धी होती, हे नाकारता येत नाही. क्षुल्लक नियमांच्या ओझ्याखाली भाबड्या माणसांची मने दडपली जाऊ नयेत, हा तिचा हेतू. पण व्यवहारात तिचे रूप असे होते, की ज्याच्याजवळ दंड भरायला पैसा आहे त्याला नियम मोडण्याची मुभा, आणि गरिबाला मात्र नियमाचा धाक.

संत थॉमस अक्वायनस यांची कसोटी मला अधिक भरवशाची वाटते. कायदा सर्वांच्या हितासाठी असेल, करणाऱ्याच्या अधिकारात असेल आणि त्याचे ओझे सर्वांवर योग्य प्रमाणात पडत असेल, तर तो न्याय्य होय, आणि न्याय्य कायदा सदसद्विवेकबुद्धीला बांधतो. कोपऱ्यावरच्या भिंतीचा नियम या तिन्ही कसोट्यांना उतरतो.

यावर कोणी म्हणेल, 'फादर, परवानगीसाठी महिनोन्महिने खेटे घालावे लागतात, कधी टेबलाखालून हातही पुढे येतो.' हे दुःख खरे आहे. पण लाच मागणारा अन्याय करतो म्हणून नियम अन्यायी ठरत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास अपील करण्याची वाट दिली आहे. ती कंटाळवाणी असेल, पण ती न चालता भिंत बांधून मोकळे होणे म्हणजे कार्यालयातील अन्यायाची किंमत रस्त्यावरच्या मुलाकडून वसूल करणे होय.

आता नाण्याची दुसरी बाजू. परवानगी हातात आहे, मोजणी झाली आहे, नकाशाची क-प्रत मिळाली आहे, म्हणून भिंत न्याय्य झाली काय? आपल्या वाड्यांभोवती पूर्वी वई असे. मेंदीची, निवडुंगाची किंवा काट्याकुट्याची. ती गुरांना अडवी, पण पावसाच्या पाण्याला वाट देई, आणि एखाद्या फटीतून शेजारीण देवळाची किंवा विहिरीची जवळची वाट धरी. त्या जागी चिऱ्याची वा सिमेंटची भिंत उभी राहिली, की पाणी शेजारच्या अंगणात तुंबते आणि म्हातारीला वळसा पडतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे वीस वर्षे हक्काने, उघडपणे व अखंड वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क जडतो. शेतीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार तो अडथळा दूर करवू शकतो.

परंतु एकोणीसच वर्षे वापरलेल्या वाटेचे काय? आणि शेजाऱ्याच्या केवळ भलेपणावर चालणाऱ्या वाटेचे काय? तेथे कायदा गप्प बसतो, आणि तेथूनच ख्रिस्ती माणसाची जबाबदारी सुरू होते. अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्याला शाप आहे. त्याला लागूनच आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याला, आणि मग परका, अनाथ व विधवा यांचा न्याय विपरीत करणाऱ्याला. हा क्रम अर्थपूर्ण वाटतो. हद्द, वाट आणि दुबळ्याचा न्याय या तीन गोष्टी शास्त्र एका ओळीत बसवते.

याचा अर्थ कुंपण घालूच नये असा नव्हे. स्वतःच्या वस्तूची माणूस अधिक निगा राखतो आणि ज्याचे त्याला स्पष्ट असले की तंटे टळतात, असे संत थॉमसच सांगतात. भावाभावांच्या वाटणीत नीट मोजून घातलेली हद्द कित्येक घरांतला जिव्हाळा टिकवते. मात्र मालकी माझी असली तरी तिच्या उपयोगात इतरांचाही वाटा आहे, हे त्यांचे म्हणणे १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही अधोरेखित केले.

तेव्हा वाचकहो, भिंतीचा पाया खणण्यापूर्वी दोन परवानग्या घ्याव्यात. एक कार्यालयाची, जी कागदावर मिळते. दुसरी शेजाऱ्याची. तिच्यासाठी त्याच्या ओटीवर जाऊन बसावे लागते, 'काका, तुमचे पाणी कुठून जाते? तुमची वाट कोणती?' असे विचारावे लागते. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाचा दरवाजा बेकायदेशीर होता, असे प्रभू येशू कोठेच म्हणत नाही. लाजरस त्या दरवाजापाशी पडून होता आणि दरवाजा त्याच्यासाठी उघडला नाही, एवढेच. मृत्यूनंतर त्या दोघांमध्ये जी दरी पडली, तिची आखणी त्या दाराशीच झाली होती.