अहवालातील किती सांगावे?

मानसशास्त्रज्ञाने केलेल्या तपासणीचा आपल्या पाल्याचा अहवाल हाती येतो आणि शाळा त्याची प्रत मागते. अशा वेळी काही भाग मागे ठेवणे ही लबाडी ठरेल काय?

अहवालात पुष्कळ काही असते: बुद्ध्यंक, वाचन-लेखनातील अडचण, मुलाच्या मनातील भीती, क्वचित आईवडिलांमधील कलहही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. परीक्षेत जादा वेळ वा लेखनिक मिळावा यासाठी ते निदान शाळेस कळणे अगत्याचे आहे. लाजेपोटी ते दडविले, तर मुलाच्या हक्कावर आपणच पाणी सोडतो. परंतु घरातील कलह जाणून शिक्षकाला शिकविण्यास कोणते साहाय्य होणार? आणि बुद्ध्यंकाचा आकडा एकदा चर्चेत आला की, पुढल्या वर्गात मुलाच्या आधी तोच जाऊन पोहोचतो.

असत्य न बोलणे हे आपले कर्तव्य आहे. सर्व काही सर्वांना सांगणे हे नव्हे. म्हणून अडचण कोणती व उपाय कोणता, एवढाच शाळेपुरता सारांश तज्ज्ञाकडून लिहून घ्यावा. मूल जाणते असेल, तर प्रथम त्याला विचारावे. कारण ज्याच्याविषयी ते लिहिले आहे, त्याचा त्यावर पहिला अधिकार आहे.